सटीचा जागर आणि तान्ह्याची रात्र

राजवटी, तह, लढाया, देवस्थाने आणि वतने यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. आपल्या जुन्या घराण्यांच्या कपाटांत त्याची कागदपत्रेही जपून ठेवलेली असतात. परंतु ज्या घरात ती कपाटे उभी आहेत, त्याच घराच्या आतल्या काळोख्या खोलीत दर दोन-अडीच तासांनी उठून तान्ह्याला अंगावर घेणाऱ्या बाईची नोंद दप्तरात सापडत नाही. वंशावळीत बाळाचे नाव येते. त्याला वाढवताना किती रात्री जागून काढल्या आणि त्या कोणी काढल्या, हे येत नाही. तरीही या रात्रींचा माग पुसून गेला आहे असे मात्र नाही. आपल्या विधींत, ओव्यांत, घराच्या रचनेत, वैद्यकग्रंथांत आणि क्वचित सरकारी अहवालांतही तो विखुरलेला आढळतो. पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या निमित्ताने तो एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे. विषय घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. बाळाच्या रात्रीचा प्रश्न हा मुळात जागरण कोणी करायचे आणि ते कोणी वाटून घ्यायचे याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चुकले की त्याची किंमत आई आणि मूल या दोघांना मोजावी लागते.

सहावी रात्र

आपल्याकडे मुलाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पाचवी आणि सटी पुजली जाते. पाटा-वरवंट्याची मांडणी, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, उशाशी एखादे लोखंडी हत्यार, आणि रात्रभर न विझू द्यायचा दिवा. सटवाई त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, अशी श्रद्धा. म्हणून त्या रात्री घर झोपत नाही. बाळाला एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर घेत, गप्पा आणि गाणी करीत उजाडेपर्यंत जागायचे, हा त्या विधीचा गाभा होय.

ही देवता केवळ ग्रामीण कल्पना आहे असे कोणी समजू नये. बाणभट्टाने सातव्या शतकात रचलेल्या ‘कादंबरी’तील सूतिकागृहात षष्ठीदेवी आहे. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत रेवती-षष्ठीच्या पूजेला महत्त्वाचे स्थान आहे. नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या आज्या करीत होत्या त्या विधीची मुळे किती खोल आहेत हे पंडितांच्याही ध्यानी आले.

सहाव्याच रात्रीची एवढी धास्ती का, याचे एक उत्तर आधुनिक वैद्यक देऊ शकते. अस्वच्छ पात्याने नाळ कापली, किंवा कापलेल्या नाळेवर राख वा शेण लावले, तर धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरतात, आणि नवजात बाळात त्याची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकटतात. नीट दूध ओढणारे मूल अचानक ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या लहानशा बेटावर याच रोगाने एकोणिसाव्या शतकात नवजात मुलांचे इतके बळी घेतले की तेथे त्याला आठ दिवसांचे दुखणेच म्हणत. कितासातो या जपानी संशोधकाने १८८९ साली धनुर्वाताचा जंतू वेगळा केला. तोपर्यंत जगातल्या कोणत्याही आईपाशी या मृत्यूला नाव देण्याजोगे ज्ञान नव्हते. तो कधी येतो, एवढे मात्र तिला अनुभवाने ठाऊक होते. सटीच्या जागराने धनुर्वात टळत नव्हता. पण ज्या काळात बाळ दूध सोडते का यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे, त्याच काळात घरातील सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असत. पुढे गरोदर मातांना दिली जाणारी लस, स्वच्छ पाते आणि इस्पितळातील बाळंतपणे यांनी हा रोग हटवला. माता आणि नवजात यांच्यातील धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. सटवाईच्या लेखणीतील सर्वांत भयंकर ओळ अशी पुसली गेली.

जुन्या आणि नव्या काबिजादी

या जागराला गोव्यात राजकीय इतिहासही आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत १५६० साली धर्मसमीक्षणसंस्था, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली आणि ती १८१२ पर्यंत टिकली. तिने १७३६ साली काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात धर्मांतरित कुटुंबांत शिल्लक राहिलेल्या हिंदू चालीरीतींची तपशीलवार यादी देऊन त्यांवर बंदी घातली. जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगांचे घरगुती आचार तीत होते. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात या फर्मानाचा परामर्श घेतला आहे. ज्या गोष्टीवर सत्तेला बंदी घालावी लागते ती लोकांच्या घरात किती घट्ट रुजलेली असते, याचा तो यादीवजा पुरावाच आहे.

पेडणे आणि डिचोली त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. डिचोली १७८१ साली, सत्तरी त्याच्या पुढल्या वर्षी आणि पेडणे १७८८ च्या तहाने सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेले. तोवर पोर्तुगीज धोरण बरेच मवाळ झाले होते, आणि या नव्या काबिजादींतील रयतेचा धर्म व रीतिरिवाज अबाधित ठेवण्याची हमी देण्यात आली. पुढे १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढींची संहिताही करण्यात आली. त्यामुळे नार्वे, मये, साखळी, पार्से, मांद्रे या गावांतील घरांत सटीचा दिवा उघडपणे तेवत राहिला. येथील माणसाला रात्रीचे जागणे हे तसेही परके नाही. पहाटेपर्यंत चालणारे दशावतारी नाटक, जत्रेची रात्र, पौषातील धालोंच्या मांडावर एकत्र आलेल्या बायका: या मुलखात जागरण ही एकट्याने सोसायची शिक्षा नसून चारचौघांनी मिळून साजरी करायची गोष्ट आहे. बाळाचे जागरणही त्याच परंपरेतले.

बाळंतखोलीची व्यवस्था

सटीची रात्र एक. तिच्यानंतरच्या रात्री अनेक. त्यांसाठी सव्वा महिन्याची बाळंतखोली होती. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत केवळ लेकीच्या लाडासाठी नव्हती. नवी आई रात्री तीनदा-चारदा उठते. तिला दिवसा झोपू देणारी आणि रात्री पाठीशी बसणारी माणसे माहेरी मिळतात, हा तिचा व्यवहार होता. वैजीण तेल-न्हाणे करी, ओवा-वेखंडाची धुरी देई, बाळाला बांधून ठेवी. आजी पाजून झालेले बाळ खांद्यावर टाकून ढेकर काढी, थोपटून पाळण्यात ठेवी, आणि आई पुन्हा आडवी होई. खोलीत दिवली मिणमिणत असे. अंगाईला शब्द थोडे आणि ठेका फार. तो मनाच्या संथ लयीत चालणारा, म्हणणारीलाही पेंग आणणारा. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे दिवसासाठी. रात्री त्याला हात लावायचा नाही, असा शिरस्ता पुष्कळ घरांत होता.

या व्यवस्थेतील किती गोष्टी आजच्या ज्ञानाशी जुळतात हे पाहण्यासारखे आहे. नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान, आईचे दूध पचायला हलके. म्हणून दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा त्याला दूध लागते. दिवस आणि रात्र यांतील भेद त्याच्या शरीराला जन्मतः कळत नाही; तो दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या सुमारास हळूहळू उमगू लागतो. आईच्या रात्रीच्या दुधात झोपेला साह्य करणारे मेलाटोनिन हे द्रव्य असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिनचे प्रमाणही रात्री वाढते, म्हणून रात्रीचे पाजणे बंद केले की दूधच आटू लागते. दिवलीच्या उजेडात, न बोलता पाजणे हे आजीने शास्त्र वाचून ठरवले नव्हते. परंतु प्रखर उजेडाने झोपेची लय बिघडते हे आज सिद्ध आहे, आणि दिवलीची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे हेही खरे आहे. बाळाला दचकवून उठवू नये, त्याला धाक दाखवू नये, हा सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील उपदेशही याच जातीचा.

तिन्हीसांजेच्या रडण्याचेही तसेच. दिवेलागणीला बाळ किरकिर करू लागले की मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढायची. अमेरिकेत वेसेल यांनी १९५४ साली आणि ब्रेझल्टन यांनी १९६२ साली या रडण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. निरोगी बाळेही संध्याकाळी अशी रडतात, हे रडणे सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, हे त्यांतून पुढे आले. दृष्ट काढल्याने बाळ शांत होई असे नाही. पण घाबरलेल्या आईच्या हातून बाळ क्षणभर दुसऱ्याच्या हाती जाई, हा त्यातला खरा गुण असावा.

पहाटेचा प्रहरही विसरता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून घेतल्या. त्यांतील आई-लेकरांच्या ओव्यांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते: बाळाला पाजून निजवणे आणि जाते ओढणे ही कामे त्या बाईच्या दिवसात एकमेकांना लागूनच होती. रात्र संपली की झोप मिळत नव्हती. दळण सुरू होत होते.

येथे एक सावधगिरीही हवी. सव्वा महिन्याची ही निगुती आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांची होती. त्याच गावातील कुळागरात वा शेतात राबणाऱ्या बाईला तो महिना परवडत नव्हता. ती बांधाच्या झाडाला साडीची झोळी बांधी आणि कामाच्या मध्ये येऊन पाजी. आपल्या बाळंतखोल्या ज्यांच्या हातांनी चालल्या, त्या वैजिणींच्या आणि मोलकरणींच्या घरच्या रात्री कशा होत्या, याविषयी आपली दप्तरे अधिकच मुकी आहेत.

सीमा, गिरणी आणि अफूची गोळी

पेडण्याची सोयरीक तेरेखोलपलीकडच्या सावंतवाडी मुलखाशी पिढ्यान्‌पिढ्यांची. १९५४-५५ पासून भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधील सीमा कडक झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपर्यंत ये-जा निर्बंधांत अडकली. इतिहासाच्या पुस्तकांत हे पर्व राजकीय म्हणून येते, आणि ते तसे आहेच. पण ज्या मुलखात लेकीचे माहेर नदीच्या पलीकडे असते तेथे सीमा बंद होणे म्हणजे बाळंतपणाच्या रात्रींचा आधार बंद होणे हेही होते.

जागरण वाटून घेणारे घर तुटले की काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण मात्र मुंबईत घडले. रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरून गिरणगावात गेलेल्या स्त्रियांना चाळीच्या एका खोलीत ना आजी होती ना आत्या. गिरणीचा भोंगा मात्र ठरल्या वेळी वाजे. मग दिवसा मूल गप्प राहावे आणि रात्री आपल्याला डोळा लागावा म्हणून अफूची बारीक गोळी, जिला बाळगोळी हे निष्पाप नाव होते, ती बाळाच्या तोंडात जाऊ लागली. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणी-कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, या स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. गुंगीतले बाळ रडत नाही. आणि जे रडत नाही ते भुकेचीही जाणीव देत नाही. ते वाळत जाते, आणि मात्रा किंचित चुकली तर उठतच नाही.

हे आपल्याकडच्याच अज्ञानाचे फळ असेही कोणी म्हणू नये. इंग्लंडच्या गिरणीशहरांत एकोणिसाव्या शतकात गॉडफ्रेज कॉर्डियल या नावाने अफूमिश्रित काढा खपत होता. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरपमध्ये मॉर्फीन असे, आणि १९०६ च्या कायद्याने बाटलीवर ते छापण्याची सक्ती होईपर्यंत आयांना त्याचा पत्ताही नव्हता. जेथे जेथे यंत्राने आईचे तास घेतले आणि घराने तिला माणूस दिले नाही, तेथे तेथे औषधाच्या रूपात गुंगी आली. गरज होती ती दोन हातांची. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक फेटाळले गेले. परंतु मुंबई इलाख्यात १९२९ साली असा कायदा झाला आणि देशातील तो पहिला ठरला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. या साऱ्या कायद्यांमागे एकच साधे तत्त्व आहे: बाळाची रात्र ही घरातल्या एकट्या बाईची खासगी बाब नव्हे.

घड्याळाचे राज्य

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या घरांत दुसरे संकट आले, ते घड्याळाच्या वाटेने. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ साली सुरू केलेल्या चळवळीची शिकवण अशी, की बाळाला दर चार तासांनी, घड्याळ पाहूनच पाजावे, रात्री मुळीच पाजू नये आणि रडले तरी उचलू नये. त्या काळी स्वच्छतेच्या प्रसाराने त्या चळवळीने पुष्कळ मुले वाचवली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु तिचे घड्याळ गायीच्या दुधावरच्या बाळाला जितके सोसले, तितके आईच्या दुधावरच्या बाळाला सोसले नाही. इंग्रजी पुस्तकांतून आणि आरोग्य-पत्रकांतून हे नियम आपल्याकडेही आले. ‘मुलाला वेळेची शिस्त हवी’ हे वाक्य एका अख्ख्या पिढीने प्रमाण मानले. वेळ होईपर्यंत बाळ रडे, आईचा पान्हा आटे, मग ‘हिला दूधच पुरत नाही’ असा निष्कर्ष निघे आणि डब्यातली पावडर घरात येई.

अमेरिकेत बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या पुस्तकाने या कडकपणाला पहिला मोठा धक्का दिला. १९८१ साली दुधाच्या पावडरीच्या जाहिरातबाजीविरुद्ध आंतरराष्ट्रीय संहिता झाली, १९९१ साली बाल-सुहृद इस्पितळांची योजना आली, आणि भारताने १९९२ साली बाळांच्या दुग्धपर्यायांची जाहिरात रोखणारा कायदा केला. मागेल तेव्हा, रात्रीही, पाजावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, हा आजचा सर्वमान्य सल्ला आहे. म्हणजे एक लांब वळसा घालून शास्त्र दिवलीच्या खोलीपाशी परत आले.

काय ठेवावे, काय टाकावे

तथापि, सारे जुने ते सोने असा अर्थ यातून काढला तर तो घातक ठरेल. पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकण्याची रीत कित्येक घरांत होती. आज ते बाळाचे पहिले संरक्षण मानले जाते आणि जन्मानंतर तासाभरात पाजायला सांगितले जाते. आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे मानून तोवर मध-तूप चाटवण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. पण मधातून होणारी एक जंतुजन्य विषबाधा १९७६ साली ओळखली गेली, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे तेव्हापासून सांगितले जाते. बाळगुटीत उगाळले जाणारे जायफळ झोपेसाठी म्हणून दिले जाते. सहाणेवरच्या वळशांनी त्याची मात्रा मोजता येत नाही, आणि जास्त झाल्यास ते विषारी असते. डोके गोल व्हावे म्हणून दिलेली मोहरीची उशी, बाळाभोवती रचलेल्या गोधड्या, पालथे निजवणे, या गोष्टी आता धोक्याच्या ठरल्या आहेत. बाळाला उताणे निजवावे, बिछाना सपाट व घट्ट असावा, तोंडाजवळ मऊ काही नसावे, हा पाश्चात्त्य देशांत १९९० नंतर झालेल्या मोहिमांचा धडा आहे, आणि त्या मोहिमांनंतर झोपेतल्या अचानक मृत्यूंची संख्या तेथे निम्म्याहून खाली आली.

आजी आणि डॉक्टर यांच्यातील घरोघरचा वाद या ठिकाणी सुटू शकेल असे वाटते. बाळाच्या तोंडात काय जाते आणि ते कशावर निजते, याबाबत डॉक्टरांचे ऐकावे. बाळाला कोण घेते, कोण थोपटते आणि आई केव्हा झोपते, याबाबत आजीचे ऐकावे. आपल्या परंपरेचे शहाणपण चाटणात कमी आणि माणसांच्या मांडणीत अधिक होते.

म्हापशाचा पुरावा

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे, याचा पुरावा आपल्याच भूमीतून मिळाला आहे. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ हे उत्तर गोव्यातील बाळंतपणांचे मोठे केंद्र आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि डॉ. नंदिता डिसोझा यांनी २७० गरोदर स्त्रियांचा प्रसूतीनंतरही पाठपुरावा केला आणि तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना यांतील २३ टक्के मातांना प्रसूतीनंतरचे नैराश्य असल्याचे आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी जन्मणे, ही त्यामागची ठळक कारणे होती. पुढल्या वर्षी याच गटाने दाखवून दिले की अशा मातांची बाळे सहा महिन्यांची होताना वजनाने फार मागे पडण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो.

मुलगी जन्मणे हे कारण वाचताना आपल्या जागराकडेही पुन्हा पाहावे लागते. मुलाच्या सटीला उजाडेपर्यंत जागणारी घरे तिसऱ्या मुलीच्या सटीला तशीच जागली का? लेक झाली म्हणून बाळंतखोलीतून पाय काढता घेणाऱ्या सासवा आपल्या घराण्यांत नव्हत्या असे कोण म्हणेल? एकत्र कुटुंब होते म्हणून प्रत्येक आईला आधार मिळाला, हा समज गोड आहे. म्हापशाचे आकडे त्याला तडा देतात. माणसे घरात असणे आणि ती पाठीशी असणे, यांत अंतर आहे.

या अभ्यासांना पुढे एक आशादायक फाटा फुटला. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागाने २०१४ नंतर २८० नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, त्याच समाजातील अनुभवी बायकांना शिक्षण देऊन घरोघर पाठवण्यात आले. त्यांना ‘सखी’ म्हणत. सखीने औषध द्यायचे नव्हते. बसायचे, ऐकायचे, आईच्या खाण्या-झोपण्याची विचारपूस करायची आणि घरातल्या इतरांना कामाला जोडून घ्यायचे. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लाभ मोठा नव्हे, पण जाणवण्याजोगा होता. सखी मिळालेल्या स्त्रियांत सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक होते. नाव नवे, पद्धत मोजूनमापून आखलेली. परंतु बाळंतिणीशेजारी बसणारी शहाणी बाई ही आपल्याला अनोळखी नाही.

आज पेडणे आणि डिचोलीची रात्र बदलली आहे. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून अहोरात्र जागा असतो. तेथे पाळीवर जाणारे तरुण आईबाप आता या गावांत आहेत. कोणाचे मूल पर्वरीच्या सदनिकेत, कोणाचे पुण्यात, कोणाचे आखाती देशात जन्मते. सुदैवाने देशातील सर्वांत कमी अर्भकमृत्यू असलेल्या राज्यांत गोव्याची गणना होते, त्यामुळे सहाव्या रात्रीची ती प्राचीन धास्ती उरलेली नाही. उरला आहे तो थकवा, आणि तो बहुधा एकटीच्या वाट्याचा. डोहाळजेवणाची यादी करताना, बारशाचे निमंत्रण छापताना, घरातील वडीलधाऱ्यांनी आणखी एक कागद करावा: रात्री बारानंतरचे बाळ कोण घेणार, पहाटे चारचे कोण, आणि दुपारी आईच्या झोपेचा दोन तासांचा पहारा कोण करणार. त्यात बाळाच्या बापाचे नाव पहिले असावे. जुन्या बाळंतखोलीत त्याला मज्जाव होता, आता तो राहिलेला नाही. सटीच्या पाटावर आपण कोरा कागद ठेवतोच. त्यावर सटवाईने काय लिहिले हे कोणाला वाचता येत नाही. परंतु हा दुसरा कागद लिहिणे आपल्या हाती आहे.